कोपऱ्यातलं स्टूल

“हो,” असं थोरली म्हणाली तेव्हा तिच्या हातातली मेण कोरायची सुरी अजून गरम होती आणि ती खाली ठेवायचंही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मालकांनी विचारलं त्याला पुरतं एक मिनिटसुद्धा झालं नसेल. शनिवारची सकाळ, दातांच्या दवाखान्यांतून आलेले साचे टेबलावर मांडून कामाची वाटणी चाललेली, आणि मध्येच, कुणी काही विचारलेलं नसताना, नवी मुलगी उठून उभी राहिली होती. “मास्तर माझ्या मागे येऊन उभे राहणार असतील तर मी त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसणार नाही,” ती म्हणाली. “ते मानेवर हात ठेवतात. पाठीवरून फिरवतात. मी दोनदा सांगितलं नको म्हणून, तरी ठेवतात.” ओरडली नाही, रडली नाही. नळ गळतोय, कुणाला तरी बोलवा, असं सांगावं तशी बोलली. मास्तर हसले. “शिकवताना हात लागतो, बाळ,” म्हणाले, “हे हातानं करायचं काम आहे.” मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांची नजर ओळीनं बसलेल्या बायकांवरून सरकत थोरलीपाशी येऊन थांबली. कवळ्या बनवण्याच्या या कारखान्यात मास्तर सोडले तर तिच्याइतकं जुनं कुणीच नव्हतं. “बाई, तुम्ही एकोणीस वर्षं आहात इथे. तुम्हाला कधी असा त्रास झालाय का?” याच माणसानं, याच आवाजात, हाच प्रश्न तिला अकरा वर्षांपूर्वी विचारला होता. तेव्हा ती “नाही” म्हणाली होती.

आता “हो” म्हणून झालं होतं आणि काहीच कोसळलं नव्हतं. खिडकी होती तिथे होती. मेणाच्या दिव्याची निळी ज्योत जळत होती. आपला आवाज इतका साधा असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं, किंचित बसलेला, सकाळपासून फारसं न बोललेल्या बाईचा. मास्तर तिच्याकडे बघत होते. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत, नवल होतं. वर्षानुवर्षं एकाच जागी असलेलं कपाट अचानक बोलू लागलं तर माणूस असंच बघेल. “मलाही,” ती पुढे म्हणाली, कारण नुसत्या ‘हो’चा अर्थ कुणी वेगळा लावील अशी तिला भीती वाटली. “आठ वर्षं. मी कोपऱ्यात बसत होते तोवर.” मग पलीकडे पॉलिशच्या चाकाची घरघर थांबली. पॉलिशवाली, जी दिवसभरात चार वाक्यं बोलली तरी पुष्कळ, तोंडावरचा फडका खाली ओढून म्हणाली, “मलापण. दोन वर्षं. म्हणून तर मी हे चाक मागून घेतलं. इथे आवाज फार, धूळ फार, कुणी मागे येऊन उभं राहत नाही.” बोलून झाल्यावर तिने फडका पुन्हा वर ओढला, पण चाक सुरू केलं नाही.

मास्तरांनी सगळ्यांना शिकवलं होतं, हे खरंच होतं. थोरली एकोणीस वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला दाढ आणि सुळा यांपलीकडे काही कळत नव्हतं. प्लास्टर किती पातळ कालवायचं, मेणाच्या हिरडीत एकेक दात कसा बसवायचा, दातांचा रंग नुसता पांढरा नसतो, त्यात पिवळ्याच्या आणि राखाडीच्या किती छटा असतात, हे सगळं मास्तरांनी तिच्या मागे उभं राहून शिकवलं. पोटापाण्याची विद्या त्याच हातांनी दिली आणि तेच हात तिच्या मानेवर असत. हात जड नव्हता, हीच पंचाईत होती. जड असता, दुखवणारा असता तर कदाचित तोंडून आवाज तरी निघाला असता. तो नुसता असायचा, कोमट, प्लास्टरनं खरबरीत झालेला, आणि ती समोरच्या साच्याकडे बघत दात मोजत राहायची. वरचे चौदा, खालचे चौदा. साचा पुरा होईपर्यंत हात निघून गेलेला असायचा. कधीकधी जायचा नाही. घरी गेल्यावर ती मान साबणानं धुवायची आणि आई विचारायची, “किती वेळ लावतेस आत?” आई-वडील, आपण आणि आपल्याहून सात वर्षांनी लहान धाकटी, चौघांच्या त्या घरात हे कुणाला सांगायचं आणि कुठल्या शब्दांत, हे तिला आठ वर्षांत सुचलं नाही. लग्न ठरता ठरता दोनदा मोडलं होतं, वडील निवृत्त झाले होते, आणि नोकरी बरी होती. बरी होती असं ती सगळ्यांना सांगायची. सांगून सांगून तिलाही ते खरं वाटायचं.

मालकांनी मास्तरांना आत केबिनमध्ये नेलं. दहा-बारा मिनिटांनी मास्तर बाहेर आले, आपला डबा घेतला, खुंटीवरचा कोट घेतला आणि कुणाकडे न बघता निघून गेले. नवी मुलगी इतका वेळ उभीच होती. आता ती पहिलं जे हाताशी आलं त्यावर बसली, ते नेमकं कोपऱ्यातलंच स्टूल निघालं. तिचं तिलाच हसू आलं, मग रडू आलं. चारच महिने झाले होते तिला येऊन. आल्यापासून ती थोरलीच्या मागे लागली होती. “तुम्ही सारखं ‘चालेल’ काय म्हणता हो? आज सकाळपासून अकरा वेळा म्हणालात, मी मोजलंय.” दवाखान्याचा माणूस उद्याचं काम आज मागायला आला की ती टेबलाखालून थोरलीला पाय लावायची, म्हणा, चालणार नाही म्हणा. एकदा थोरली खरंच तसं म्हणाली आणि तो माणूस “बरं, उद्या येतो” म्हणून चालता झाला. तेव्हा त्या दोघी डबा खाताना ठसका लागेस्तोवर हसल्या होत्या. बावीस वर्षांच्या पोरीकडून चाळिशीची बाई ‘नाही’ म्हणायला शिकत होती, आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. लाज वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. ही पोर बोलताना मान जराशी तिरकी करायची, धाकटी करायची तशी.

मालकांनी थोरलीला आत बोलावलं. ते आता म्हातारे झाले होते, बोलताना थांबून श्वास घ्यायचे. “सोमवारी तिघींनी लिहून द्या,” ते म्हणाले. “मग मी त्यांना कायमचं काढतो.” ती उठली, तर म्हणाले, “बाई, एक विचारू? तुमच्या बहिणीच्या वेळेला मी तुम्हालाच विचारलं होतं.” ती म्हणाली, “हो.” “ती पोर रडत होती. मास्तर नाही म्हणत होते. मला वाटलं, सख्खी बहीण आहे, तिला विचारावं, ती खोटं कशाला बोलेल. तुमच्या शब्दावर मी मास्तरांना ठेवलं. तुमच्याच शब्दावर.” ते काही तिला टाकून बोलत नव्हते. आपल्यापुरता हिशेब लावत होते, आणि लागतोय का ते बघत होते. तिने मान हलवली आणि बाहेर आली. मास्तरांच्या रिकाम्या खुंटीकडे बघताना तिच्या मनात आलं, इतकंच होतं तर. एक शब्द. मधली अकरा वर्षं या एका शब्दावर अडली होती आणि तो तिच्याच तोंडात होता.

शनिवारी अर्धा दिवस. दुपारी ती घरी गेली नाही, बस बदलून धाकटीकडे निघाली. खिडकीपाशी जागा मिळाली. आयुष्यात खिडकीची जागा तिने एकदाच मागून घेतली होती, आणि तीही कशी, हे आठवू नये म्हणून ती रस्त्यावरच्या पाट्या वाचत राहिली. पण आठवलंच. धाकटी शिकायला आली तो सोमवार. एकवीस वर्षांची, नवी कोरी चप्पल, डब्यात दोघींचं एकत्र जेवण. बोटांत तिच्या काहीतरी वेगळंच होतं. महिन्याभरात ती असं काम करायला लागली की मालक येऊन बघत राहायचे. एका म्हाताऱ्या बाईची कवळी करायची होती, तर हिने दवाखान्याकडून तिचा तरुणपणचा फोटो मागवून घेतला आणि पुढचा एक दात मुद्दाम जरासा वळवून बसवला. “सगळे सरळ बसवले की माणूस खोटा दिसतो, ताई,” म्हणाली. ती कवळी घातल्यावर म्हातारी आरशापुढून हलेना, असा डॉक्टरांचा निरोप आला होता. थोरलीला इतक्या वर्षांत असा निरोप आला नव्हता. तिला हेवा वाटला नाही, अभिमान वाटला. हे मात्र अगदी खरं होतं आणि पुढचंही खरं होतं. धाकटी यायच्या आदल्या शनिवारी तिने मालकांना सांगून आपली जागा खिडकीपाशी मागून घेतली होती. आठ वर्षांची चाकरी झाली, डोळ्यांना उजेड हवा, म्हणाली. जुनी माणसं उजेडात, नवी कोपऱ्यात, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. धाकटीला तिने स्वतः हाताला धरून त्या स्टुलावर नेऊन बसवलं. “खिडकीत ऊन येतं, डोळे दुखतील तुझे, तू आत बस,” म्हणाली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या मानेला कुणाचा हात लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिने पाठ कोपऱ्याकडे केली होती, आणि कित्येक वर्षांनी तिचे खांदे खाली उतरले होते. माणसाला इतकं हलकं वाटतं हे ती विसरून गेली होती. मागून मास्तरांचा आवाज यायचा, “असं नाही, बाळ, असं,” आणि ती उजेडात दात मोजत राहायची.

सात महिने धाकटी गप्प राहिली. मग एके दिवशी सरळ केबिनमध्ये गेली. थोरलीला बोलावणं आलं. धाकटीचं नाक लाल झालं होतं, पण थोरली आत आल्यावर तिचा चेहरा उजळला होता, आलं एकदाचं माझं माणूस, असा. मालकांनी प्रश्न विचारला. थोरलीला दिसलं की आता ‘हो’ म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग बहिणीला तिथे कसं बसू दिलंत? तो प्रश्न कुणीच विचारला नसता कदाचित. पण तिला तो ऐकू आला. “नाही,” ती म्हणाली, “मला कधी काही नाही.” घरी वडिलांनीही तेच विचारलं आणि तिने तेच सांगितलं. पहिल्यांदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलायला जड जात नाही. धाकटीची नोकरी सुटली, नातेवाइकांत कुजबूज नको म्हणून सहा महिन्यांत तिचं लग्न लावून दिलं. नवरा भला निघाला, एवढंच काय ते नशीब. कवळीला तिने पुन्हा हात लावला नाही. घरी बसून दुकानाचे कपडे दुरुस्त करते, इस्त्री करून देते. बहिणी भेटतात, तब्येतीचं विचारतात, आईची औषधं कुणी आणायची ते ठरवतात.

तिसऱ्या मजल्यावरचं दार धाकटीनेच उघडलं. “आज कशी काय?” म्हणाली. खोलीभर शर्ट टांगलेले, वाफेचा आणि गरम सुताचा वास. नवरा कामावर गेला होता. तिने चहा टाकला आणि परत टेबलाशी उभी राहिली, कारण पाचपर्यंत कपडे द्यायचे होते. थोरली खुर्चीच्या कडेवर बसली आणि एका दमात म्हणाली, “मास्तरांना घरी बसवलं आज.”

इस्त्री थांबली. “कुणी बोललं?”

“नवी एक मुलगी आहे, ती. आणि पॉलिशवाली. आणि मी.”

“तू?” धाकटीने इस्त्री उभी करून ठेवली. टेबलाला वळसा घालून आली, खाली बसली आणि थोरलीचे दोन्ही हात हातात घेतले. तिचे तळवे गरम होते, इस्त्रीने भाजल्याच्या बारीक खुणा होत्या त्यांवर. अकरा वर्षांत तिने असा हात धरला नव्हता. “ताई, तू बोललीस? मालकांसमोर?” ती हसत होती. इतकी आनंदली होती की थोरलीला तिच्याकडे बघवेना. “मला ना, नेहमी वाटायचं, तुला दिसलंच नसणार. तू खिडकीपाशी, पाठ आमच्याकडे. मी आईलासुद्धा तेच सांगितलं होतं. आई म्हणायची, ताईने असं करायला नको होतं. मी म्हटलं, अगं, तिला माहीतच नाही तर ती काय सांगणार? ती खोटं नाही बोलली. दोन-तीन वर्षं लागली मला तिथपर्यंत यायला, पण आले.” तिने डोळे पुसले. “काय म्हणालीस त्यांना?”

“म्हटलं, मलाही.”

“तुलाही म्हणजे? आता, अलीकडे?”

थोरलीला कळलं की आता नुसतं ‘हो, अलीकडे’ म्हटलं की झालं. हे हात असेच राहतील. चहा होईल, दोघी पितील, पुढच्या रविवारी धाकटी आपणहून फोन करील. हे खोटं कुणाच्या नुकसानीचं नव्हतं, उलट झाला तर सगळ्यांचा फायदाच होता. आणि ते अगदी जिभेवर होतं, ‘चालेल’ म्हणायला जितका वेळ लागतो तितकाच लागला असता. पण सकाळपासून घशात काहीतरी उघडलं होतं आणि ते तिला बंद करता येत नव्हतं. एकदा खरं बोलायला लागलं की कुठे थांबायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“अलीकडे नाही,” ती म्हणाली. “तू यायच्या आधी. आठ वर्षं. कोपऱ्यात मी बसायचे.”

धाकटीचे हात तसेच होते, पण त्यांतलं बळ गेलं. ती बराच वेळ मनात काहीतरी जुळवत होती. तिची मान किंचित तिरकी झाली. “मी येण्याआधी जागा तू बदलून घेतलीस,” ती म्हणाली.

“हो.”

“मला म्हणालीस, खिडकीत ऊन येतं. डोळे दुखतील तुझे.”

“हो.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

धाकटी उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा गाळला, एकच कप, आणि आणून थोरलीपुढे ठेवला. मग टेबलाशी जाऊन अर्धवट राहिलेला शर्ट सरळ केला. “माझ्याकडे एक ताई होती,” ती शर्टाकडे बघत म्हणाली, “जिला काही माहीत नव्हतं. तिच्यावर मी रागावले, मग राग सोडला. माझं मी सगळं केलं, कुणी मदत केली नाही. आता तीही नाही राहिली.” आवाज चढला नव्हता. “चहा पी आणि जा तू. मला पाचपर्यंत कपडे द्यायचेत.”

“मला त्या वेळी…”

“नको सांगूस. तू घाबरली होतीस, मला सगळं कळतं. मीपण घाबरलेलीच होते. मी बोलले.” तिने इस्त्री टेकवली, वाफेचा फुत्कार आला. “लिहून देणार आहात का तुम्ही?”

“सोमवारी,” ती म्हणाली.

“मग तेही लिही. मला तिथे कुणी बसवलं ते.”

सोमवारी तिघी डब्याच्या खोलीत कागद घेऊन बसल्या. नवी मुलगी भराभर लिहीत होती, पॉलिशवाली एकेक अक्षर कोरत होती आणि मध्येच विचारत होती, ‘पाठीवरून’ लिहू की ‘अंगावरून’? जे झालं ते लिहा, नवी म्हणाली. थोरलीला वाटलं होतं हात चालणार नाही, पण चालला. आठ वर्षं अर्ध्या पानात मावली. धाकटीचे सात महिने तिने सविस्तर लिहिले, तिने कधी तक्रार केली, केबिनमध्ये कोण कोण होतं, आपण काय उत्तर दिलं आणि ते खोटं होतं. मग तिने लिहिलं, ‘त्या जागेवर काय होतं हे माहीत असून मी माझ्या धाकट्या बहिणीला तिथे बसवलं.’ मालकांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. “बाई, हे कशाला? याचा मास्तरांशी काय संबंध? उद्या त्यांच्या बाजूने कुणी उभं राहिलं तर हेच वाक्य धरतील. तुम्हालाच दोष देतील.” थोरली म्हणाली, “देऊ देत.” मालक म्हणाले, “मी सांगतो, खोडा. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.” ती म्हणाली, “नाही खोडणार,” आणि आपल्याला हे कुणी टेबलाखालून पाय लावून सांगितलेलं नाही, याची तिला जाणीव झाली, पण त्याचा आनंद झाला नाही. कागदाची एक प्रत तिने मागून घेतली. मास्तरांना काढल्याची चिठ्ठी त्याच दिवशी गेली. दुपारी नव्या मुलीने कोपऱ्यातलं स्टूल उचलून सगळ्यांच्या ओळीत आणून ठेवलं.

सहाच्या सुमाराला ती पुन्हा तिसरा मजला चढून गेली. दाराबाहेरूनच इस्त्रीचा आवाज येत होता, टेकवल्याचा, मग सरकल्याचा, मग वाफेचा. दार धाकटीच्या नवऱ्याने उघडलं. भला माणूस, खोटं बोलायची सवय नव्हती, कानापर्यंत लाल झाला. “झोपलीय ती,” म्हणाला. “डोकं दुखतंय म्हणाली.” मागे आत इस्त्री चालूच होती. “असू दे, झोपू दे,” थोरली म्हणाली, जरा मोठ्याने. “हे तेवढं द्या तिला. तिने सांगितलं होतं ते लिहिलंय.” तिने पाकीट त्याच्या हातात दिलं. आतला आवाज थांबला. थोरली उंबऱ्याशी उभी राहिली. नवराही उभा राहिला, पाकीट हातात धरून, दोघंही एकमेकांकडे न बघता ऐकत होते. आत पाऊल वाजेल, कुणी चप्पल सरकवेल, असं तिला वाटत राहिलं. समोरच्या घरात कुणीतरी दिवा लावला. मग आत इस्त्री पुन्हा टेकल्याचा आवाज आला, आणि वाफेचा.

“येते मी,” ती त्याला म्हणाली, आणि कठड्याला धरून जिना उतरू लागली.